वाचक विचारतात: मंत्र्याला टोचणारा प्रश्न कसा असतो?

पर्वरीत गोवा विधानसभेचं अधिवेशन जवळ आलं की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी जमिनीचे वाद, म्युटेशन, भाडेकरू असलं असतं, आता सगळे विधानसभेबद्दल विचारतायत. आमदार मंत्र्यांना मानवी हक्कांवर, सरकारी धोरणांवर प्रश्न विचारतात त्याचं पुढं होतं काय, सामान्य माणसाचा त्यात काय संबंध, ह्याच गोष्टीभोवती फिरणारी पत्रं यावेळी घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, नमस्कार. मी दुपारी जेवण आवरता आवरता विधानसभेचं लाइव्ह लावून ठेवते. आमदार काहीतरी विचारतो, मंत्री कागद बघून वाचतात, मग दोन्हीकडून आरडाओरड आणि सभापती बसा बसा म्हणतात. ह्यातून माझ्यासारखीला काय मिळतं? की नुसता तमाशाच? (फोंडा)

तमाशा थोडा असतोच, नाही कशाला म्हणू. पण तुम्ही लाइव्ह बघता तो प्रश्नाचा शेवटचा तुकडा असतो, आधीचं काम त्यात दिसतच नाही. आमदार बरेच दिवस आधी प्रश्न लिहून विधिमंडळ सचिवालयात देतो, आपल्याकडे सगळे त्याला एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात, तिथून तो त्या त्या खात्याकडे जातो, मग खात्यातले लोक फायली काढतात, तालुक्याच्या ऑफिसांना फोन जातात, आकडे मागवतात, तक्ते बनवतात. त्या दिवसांत कुठल्याही सरकारी ऑफिसात आपलं काम घेऊन जाऊन बघा, "एलएक्यू चालू आहेत, मागीर येयात" (नंतर या) हे ऐकायला मिळणारच. चिडचिड होते खरी, पण वर्षभर जिला कुणी हात लावला नव्हता अशी एखादी फाईल त्यामुळंच उघडलेली असते.

प्रश्न दोन जातीचे. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात उभं राहून द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न घ्यायचे, आणि अतारांकित म्हणजे ज्याचं नुसतं लेखी उत्तर येतं. प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यात जेमतेम काहीच तारांकित प्रश्न निघतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर जातात, म्हणजे सभागृहापुढं ठेवली जातात. आता गंमत बघा, तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर मंत्र्यानं लिहिलेलं नसतं, ते खात्यानं लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते गुळगुळीत असतं. खरी गरी असते ती उपप्रश्नात, कारण तिथं मंत्र्याला स्वतःच्या डोक्यानं बोलावं लागतं आणि मागच्या गॅलरीत बसलेले अधिकारी चिठ्ठी पाठवेपर्यंत वेळ नसतो. इंग्रजांनी १८९२ च्या कायद्यानं कायदे कौन्सिलच्या सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा दिली पण उपप्रश्न नाही म्हणजे नाही, तो मिळाला १९०९ ला, आणि तोही ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. सतरा वर्षं राज्यकर्त्यांनी नेमकं काय अडवून धरलं होतं बघा, म्हणजे त्यांना काय टोचत होतं ते कळेल.

तुम्हाला काय मिळतं म्हणाल तर कागद मिळतो. मंत्र्यानं सभागृहात दिलेला आकडा हा रेकॉर्डवरचा आकडा, तो उद्या नाकारता येत नाही, आणि जाणूनबुजून खोटा दिला असेल तर हक्कभंगाचा विषय होतो. आरडाओरडीची क्लिप दोन दिवस व्हॉट्सॲपवर फिरते आणि विसरतात, पण तो लेखी उत्तराचा कागद तुम्ही कोर्टात लावू शकता, पंचायतीत दाखवू शकता, पुढच्या वर्षी त्याच मंत्र्यासमोर परत धरू शकता.

मानवी हक्क वगैरे हा दिल्लीचा, फार तर युनोचा विषय ना? आमच्या विधानसभेत रस्ते, पाणी, नोकऱ्या ह्यावर बोलावं, उगाच मोठमोठे शब्द कशाला? (मांद्रे)

तुमचं पत्र वाचून राग नाही आला, कारण असं म्हणणारे तुम्ही एकटे नाही, काही आमदारही हेच म्हणतात. पण पोलीस कुणाच्या ताब्यात? राज्याच्या. तुरुंग? राज्याचे. कायदा आणि सुव्यवस्था, इस्पितळं, हीसुद्धा घटनेच्या राज्य सूचीत आहेत. म्हणजे कुणाला चौकीत मारलं, कोलवाळच्या जेलमध्ये कैद्याला औषध मिळालं नाही, बाळंतिणीला वॉर्डात खाट मिळाली नाही, तर त्याचं उत्तर दिल्लीनं नाही, पर्वरीत बसलेल्या मंत्र्यानं द्यायचं. गृह खातं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्याकडेच आहे, त्यामुळं पोलीस आणि अटकेबद्दलचा प्रश्न सरळ त्यांच्यापुढं जातो. १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा ह्या हक्कांची जी व्याख्या करतो ती फार साधी आहे, जीवन, स्वातंत्र्य, समानता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा. नळाला चार दिवस पाणी नाही हा पण त्यातच बसतो, तुमचं रस्ते-पाणी काही वेगळं नाही.

आणि गोव्यात तर हा विषय परका म्हणूच नये. पोर्तुगीज काळात सेन्सॉरचा जाच एवढा की लग्नपत्रिका छापायची तरी आधी मंजुरी लागायची. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभा घेतली तेव्हा मागणी पहिल्यांदा कुठली होती, तर नागरी स्वातंत्र्याची, म्हणजे बोलायची आणि जमायची मोकळीक. पणजीत अठरा जून रस्त्यावर आपण चतुर्थीची खरेदी करतो, पार्किंग मिळत नाही म्हणून वैतागतो, पण ते नाव कुठल्या मागणीवरून पडलं हे आता मुलांना सांगावं लागतं.

एक मात्र तुमच्या बाजूनं सांगते. प्रश्न त्या मंत्र्याच्या जबाबदारीत बसला पाहिजे, नाहीतर सभापती तो उडवणार आणि नियमानं ते बरोबर असणार. जुलै २०२३ च्या अधिवेशनात विरोधी आमदार मणिपूरमधल्या हिंसाचारावर बोलायला द्या म्हणून काळे कपडे घालून आले, गोंधळ झाला, सत्तेतल्या एका आमदाराला घेरलं म्हणून सातही विरोधी आमदार निलंबित झाले. त्यांची तळमळ खरी होती यात मला शंका नाही, पण मणिपूर पर्वरीत आणायचं तर ते गोव्याच्या खात्याच्या दारातून आणावं लागतं. ईशान्येकडची मुलं इथं हॉटेलांत, पार्लरांत काम करतात, शिकतात. त्यांच्या किती तक्रारी पोलिसांकडे आल्या, किती नोंदवल्या, भाडेकरू पडताळणीच्या मोहिमेत त्यांना कुठले जादा कागद मागितले, हे विचारलं असतं तर मुख्यमंत्र्यांना उत्तर द्यावंच लागलं असतं आणि गोंधळ करायची गरजही पडली नसती.

मी व्हीलचेअरवर असते. दर वर्षी पर्पल फेस्टच्या, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या महोत्सवाच्या जाहिराती बघते, कौतुक वाटतं, पण माझ्या नेहमीच्या बसस्टँडवर मला कुणीतरी उचलून वर घ्यावं लागतं. आमदारांना भेटून हा प्रश्न विधानसभेत विचारा म्हटलं तर ते म्हणाले लिहून द्या. काय लिहू? (म्हापसा)

बाय, हे पत्र आलं तेव्हा मी बाकीची बाजूला ठेवली. कारण तुमच्या आमदारानं बरोबर तेच मागितलंय जे बाकीचे मागत नाहीत, आणि लिहून द्यायचं कसं हे कुणी शिकवत नाही.

पहिल्यांदा कसं लिहायचं नाही ते बघू. आपण रागात असतो म्हणून असं लिहितो: "दिव्यांगांवर वर्षानुवर्षं अन्याय होत आहे हे खरं आहे काय? असल्यास त्याची कारणं काय आणि दोषींवर कोणती कारवाई केली?" हा प्रश्न खात्याच्या हातात पडला की क्लार्कला आनंद होतो, कारण पहिल्या भागाचं उत्तर "नाही" आणि दुसऱ्या तिसऱ्या भागाचं उत्तर "प्रश्न उद्भवत नाही". संपलं. दोन ओळींत तुमची सगळी वर्षं निकाली. "प्रश्न उद्भवत नाही" हे सरकारी उत्तरांमधलं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे आणि ते आपणच "असल्यास" लिहून त्यांच्या हातात देतो. दुसरं म्हणजे अन्याय, दोषी, वर्षानुवर्षं असले शब्द आले की प्रश्न युक्तिवाद करतोय म्हणून तो दाखल करून घेतानाच कापला जाऊ शकतो. प्रश्नानं माहिती मागायची असते, भाषण करायचं नसतं, भाषण उपप्रश्नाच्या वेळी आमदार करेलच.

आता कायद्यात काय आहे ते बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्याचे नियम केंद्रानं १५ जून २०१७ ला काढले. कलम ४५ म्हणतं की नियम निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या, आणि सार्वजनिक इमारत म्हणजे काय ह्या व्याख्येत बसस्टँड अगदी नाव घेऊन लिहिलेला आहे. म्हणजे मुदत जून २०२२ ला संपली. हा जो दिवस आहे ना, तो तुमचा मुख्य माणूस. प्रश्न त्या तारखेच्या खांद्यावर उभा करा.

साधारण असं लिहून द्या, वाहतूक मंत्र्यांसाठी. (अ) राज्यातल्या सरकारी बसस्टँडांची तालुकावार यादी, आणि त्यातल्या कुठल्या स्टँडवर रॅम्प, रेलिंग आणि दिव्यांगांसाठी वापरण्याजोगं शौचालय आजच्या तारखेला आहे, प्रत्येकासमोर हो किंवा नाही. (ब) २०१६ च्या कायद्याच्या कलम ४५ खाली ह्या स्टँडांची पाहणी कुठल्या तारखेला, कुणी केली, अहवालाची प्रत द्यावी. (क) १५ जून २०२२ नंतर ह्या कामावर वर्षवार किती तरतूद आणि किती खर्च. (ड) कदंब या सरकारी बस महामंडळाच्या ताफ्यात एकूण बस किती, त्यातल्या खाली वाकणाऱ्या किंवा रॅम्प असलेल्या किती, आणि त्या कुठल्या मार्गावर धावतात.

ह्यात "खरं आहे काय" कुठंच नाही, त्यामुळं उद्भवत नाही म्हणायला जागाच नाही. रकान्यात एकतर "हो" लिहावं लागेल किंवा "नाही", आणि पाहणी झालीच नसेल तर तारखेच्या जागी रिकामं सोडावं लागेल, ती रिकामी जागा हेच तुमचं उत्तर. मार्गावर मी मुद्दाम भर दिला, कारण चांगल्या बस पणजी-मडगाव शटलवर आणि तुमच्या गावाला जुनी, असं होतं का ते एकूण आकड्यात लपून जातं.

उपप्रश्नासाठी आमदाराच्या हातात एक फोटो द्या, तुम्हाला उचलून चढवतानाचा नको, त्यात तुमचाच अपमान होतो, नुसत्या पायऱ्यांचा द्या, शेजारी मोजपट्टी धरून. सभागृहात फोटो फडकवायला सभापती देणार नाहीत, पण आमदाराला "पहिली पायरी एवढ्या इंचाची आहे, मंत्र्यांनी येऊन बघावी" असं म्हणता येतं आणि एवढं ऐकलं की मंत्री सहसा "पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन करतो" म्हणतात. म्हणू देत. त्या वाक्याचं काय करायचं ते खाली काणकोणच्या पत्रात सांगितलंय.

माझ्या भाच्याला चौकशीला म्हणून रात्री नेलं आणि मारून सकाळी सोडलं. कागदावर अटकच नाही. आमच्या आमदारांनी विधानसभेत त्याचं नाव घेऊन विचारावं असं घरच्यांना वाटतं. मला भीती वाटते. (सासष्टी)

भीती बरोबर आहे, नाव घेऊन विचारू नका. एक तर केस कोर्टात असेल तर प्रश्न न्यायप्रविष्ट म्हणून अडवला जाईल, दुसरं म्हणजे एका माणसाच्या घटनेवर खातं "चौकशी चालू आहे" एवढंच लिहून सुटतं, आणि तिसरं, मुलाचं नाव कायमचं रेकॉर्डवर जातं. आमदाराचं सभागृहातलं भाषण घटनेच्या कलम १९४ खाली सुरक्षित आहे, त्याच्यावर केस नाही करता येत, पण तुमच्या भाच्याला तसलं कवच नाही हे लक्षात ठेवा.

पहिलं काम वैद्यकीय कागद, सरकारी इस्पितळातले, तारीख-वेळेसकट, ते आजच करा. दुसरं, तक्रार राज्य मानवी हक्क आयोगाकडे, पणजीत आहे, साध्या अर्जावर घेतात, वकील लागत नाही. इथं एक मुदत आहे जी लोकांना कुणी सांगत नाही, घटनेपासून एक वर्ष उलटलं की मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६ नुसार आयोगाला त्यात शिरता येत नाही. आपले लोक आधी सरपंच, मग आमदार, मग मंत्र्याची ओळख असं करत बसतात आणि वर्ष निघून जातं. पोलिसांविरुद्ध तक्रार प्राधिकरण पण गोव्यात आहे, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर आलं.

तिसरं, आणि हे वेळेचं काम आहे, सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक पोलीस स्टेशनात दार, लॉकअप, कॉरिडॉर, इन्स्पेक्टरची खोली सगळीकडे आवाजासकट कॅमेरे हवेत आणि फुटेज १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय बाजारात मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली नाही. म्हणून तक्रारीतच अमुक रात्रीचं फुटेज जपून ठेवा असं लिहा.

आता आमदाराला काय द्यायचं तर धोरणाचा प्रश्न द्या. प्रत्येक पोलीस स्टेशनात किती कॅमेरे बसवले, आज चालू किती, बंद असलेले कधीपासून बंद, फुटेज किती दिवस राहतं, मागच्या तीन वर्षांत फुटेज मागणारे किती अर्ज आले आणि किती वेळा "कॅमेरा बंद होता" असं उत्तर गेलं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या भाच्याचं नाव कुठंच येत नाही पण त्याच्या रात्रीचा हिशोब ह्या तक्त्यात कुठंतरी पडलेला असतो. अटक न दाखवता रात्रभर बसवून ठेवणं हा जुना खेळ आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानं १९९६ मध्येच अटकेचा मेमो, नातेवाईकाला कळवणं, डॉक्टरी तपासणी हे सगळं बंधनकारक केलं होतं, म्हणून हल्ली कागदावर अटकच दाखवत नाहीत.

अजून एक प्रश्न आहे जो फार कमी आमदार विचारतात आणि मला तो सगळ्यात आवडतो. मानवी हक्क आयोगाचा वार्षिक अहवाल सरकारनं विधानसभेपुढं ठेवायचा असतो, आणि नुसता अहवाल नाही, कुठल्या शिफारशीवर काय केलं आणि कुठली का मानली नाही ह्याची कारणं लिहून सोबत जोडायची असतात, मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम २८ तसं सांगतं. आयोग फक्त शिफारस करू शकतो, हुकूम नाही, म्हणून हे कारणांचं पान हीच त्याची खरी ताकद. तर मुख्यमंत्र्यांना विचारा की शेवटचा अहवाल कुठल्या वर्षाचा, पटलावर कुठल्या तारखेला ठेवला, आणि न मानलेल्या प्रत्येक शिफारशीचं कारण काय.

आईचे दयानंद योजनेचे, म्हणजे सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे दोन हजार तीन-चार महिने अडकले. आमच्या भागातल्या आमदारांनी मागच्या अधिवेशनात विचारलं तर मंत्री म्हणाले "लवकरच जमा करू". लवकर म्हणजे कधी? (काणकोण)

सभागृहात मंत्र्यानं "करतो", "बघतो", "माहिती गोळा करून देतो" असं म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं. त्यासाठी विधानसभेची आश्वासन समिती असते, तिथं मंत्र्याचं वाक्य नोंदवलं जातं आणि खात्याला त्याचा हिशोब द्यावा लागतो. लोकसभेत ह्याला तीन महिन्यांची मुदत धरतात. तुम्ही एवढंच करा, त्या दिवसाच्या कामकाजातलं मंत्र्याचं नेमकं वाक्य काढून आमदाराला पाठवा आणि हे आश्वासन समितीच्या यादीत गेलं का ते विचारा, नसेल तर घालायला लावा. पुढच्या प्रश्नात "लवकरच" नको, तालुकावार किती लाभार्थींचे किती महिने थकले आणि खात्यानं वित्त खात्याकडे पैसे कधी मागितले ती तारीख मागा, म्हणजे उशीर समाज कल्याणकडे झाला की वित्तकडे ते उघड होतं, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत चतुर्थी काढतात. आणि हो, आईचं बँक खातं आणि हयातीचा दाखला एकदा तपासून घ्या, पुष्कळदा एकट्याचंच अडकलेलं असतं ते त्यामुळं, आणि त्याला विधानसभा नको, काउंटर पुरतो.

आरटीआय असताना आमदाराच्या मागं कशाला लागायचं? मी स्वतः अर्ज टाकते, दहा रुपयांत काम. (डिचोली, शिक्षिका)

टाकाच. गोव्यानं तर केंद्राच्या आधी, १९९७ लाच स्वतःचा माहिती हक्काचा कायदा केला होता. पण दोन्हीचा उपयोग वेगळा आहे. आरटीआयमध्ये तुम्हाला असलेला कागद मिळतो, "का केलं नाही" ह्याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. मंत्री बांधील आहे, कारण घटनेच्या कलम १६४ खाली मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे, माहिती अधिकाऱ्याला तसं काही नाही. शिवाय बारा तालुक्यांचे आकडे एकत्र करून द्या म्हटलं की माहिती अधिकारी म्हणतो अशी संकलित माहिती आमच्याकडे नाही, तेच एलएक्यूत विचारलं की खातं रात्र जागून संकलित करतं.

जाणकार लोक आधी आरटीआय टाकतात, कागद हातात घेतात आणि मग त्याच विषयावर आमदाराकडून प्रश्न घालतात. उत्तर आणि कागद जुळले नाहीत तर उपप्रश्न आयता तयार. आणखी एक, २००५ च्या कायद्यात कलम ८ मध्ये एक सुंदर ओळ होती, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं खासगी माहितीचं ते कलमच बदललं आणि ती ओळ गेली. "ही वैयक्तिक माहिती आहे" असं सांगून अर्ज परत करणं आता सोपं झालंय, त्यामुळं लाभार्थींच्या याद्या, बदल्या, शिस्तभंगाच्या कारवाया असल्या विषयांत आमदाराच्या प्रश्नाची किंमत वाढली असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही ज्याला विरोधात बसायला निवडून दिला तो सत्तेत जाऊन बसला. आता आमचा प्रश्न कोण विचारणार? (नाव, गाव नको)

गाव नको म्हणालात तरी यादी फार मोठी नाही, कारण २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले आणि २०२२ च्या सप्टेंबरात आठ. त्यानंतर चाळीसच्या सभागृहात विरोधात उरले सात, काँग्रेस तीन, आप दोन, गोवा फॉरवर्ड एक, आरजीपी (रिव्होल्युशनरी गोवन्स पार्टी) एक. घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीमुळं गोव्यात मुख्यमंत्र्यांसकट बाराच मंत्री होऊ शकतात, ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. पण सत्ताधारी पक्षाचे बाकीचे आमदार? त्यांना प्रश्न विचारायला कुठल्याही नियमानं मनाई नाही. काही जण विचारतातही, आणि आपल्याच मंत्र्याला घाम फोडतात, बहुतेकदा मंत्रिपद न मिळाल्याचा राग असतो त्यात, पण आपल्याला कारणाशी काय करायचंय, उत्तराशी मतलब. तेव्हा तुमच्या आमदाराला लेखी द्या, पोच घ्या. त्यानं नाही घातला तर शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी आमदाराकडे जा, प्रश्न आपल्याच मतदारसंघाचा हवा असा काही नियम नाही. सात जणांवर चाळीस मतदारसंघांचं ओझं पडतं, म्हणून तुमचा प्रश्न जितका तयार असेल तितका तो घेतला जायची शक्यता जास्त.

हेच लोकसभेत करता येईल का? (पेडणे)

करता येतं, पण उत्तर गोव्याची अडचण अशी की तुमचे खासदार श्रीपाद नाईक केंद्रात राज्यमंत्री आहेत, म्हणजे ते उत्तर द्यायच्या बाकावर. म्हणून दक्षिण गोव्याचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस किंवा राज्यसभेतले सदानंद शेट तानावडे यांच्याकडे जावं लागेल. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीनं ठरतं, त्यामुळं नशिबाचा भाग आहे. अतारांकित बरा. रेल्वे, किनारपट्टीचे नियम, विमानतळ, बंदरं, आदिवासींचे केंद्राकडचे विषय हे तिकडे, बाकी सगळं पर्वरीला.

विधानसभेचं कामकाज प्रत्यक्ष बघता येतं का? वाचनालयातर्फे मुलांना न्यायचंय. (वाळपई)

येतं. आमदाराच्या शिफारशीनं विधिमंडळ सचिवालयाकडून प्रेक्षक गॅलरीचे पास मिळतात, ओळखपत्रं लागतात, मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, हे मुलांना आधीच सांगा नाहीतर गेटवर रडारड होते. न्यायचं तर प्रश्नोत्तराच्या तासालाच न्या, दुपारी अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा लांबते, तिथं मुलं झोपतात. आधल्या दिवशी वेबसाइटवरून जुन्या अधिवेशनातली दोन-तीन उत्तरं काढून त्यांना वाचायला द्या, आपल्या तालुक्याची निवडा, आणि मुलांनाच सांगा की ह्यात मंत्र्यानं कुठला भाग चुकवलाय तो शोधा.